सगळ्यांनी खाल्लेला लेख

शेळ्यांनाही लिहितावाचता यायचं, त्या काळातली गोष्ट. माळावरच्या शाळेत दरवर्षी करडांची लेखस्पर्धा व्हायची. लेख पळसाच्या पानावर लिहायचा, आणि वाचकाला आवडला तर त्यानं पानाचा एक घास घ्यायचा. हेच मत. जिंकेल त्या करडाला वर्षभर सभेत बोलता येई. बाकीच्या करडांनी गप्प बसायचं.

झिपरीला बोलायचंच होतं. तिनं लिहिलं, "म्हातारे बोकड झऱ्याचं पाणी आधी ढवळतात, मग आम्हाला स्वच्छतेवर व्याख्यान देतात."

कळप तुटून पडला. "सरक की गं, मला वाचू दे!" "अगं, देठ तरी ठेव!" दुपारपर्यंत देठही उरला नाही. झिपरी टणाटण उड्या मारत सुटली.

मतं मोजायला अध्यक्ष दाढोबा आले. दाढीएवढी अक्कलही वाढलीय, असा त्यांचा समज होता.

"झिपरे, पान कुठंय तुझं?"

"आजोबा, सगळ्यांनी खाल्लं!"

"पान नाही, म्हणजे लेख नाही." त्यांनी नातवाला विजयी ठरवलं. त्याच्या पानाचा एकच घास गेला होता, तोही दाढोबांनीच घेतलेला.

झिपरी रडकुंडीला आली. दाढोबांचं भाषण सुरू झालं, तसा कळप सावलीत बसून रवंथ करू लागला. खाल्लेलं पुन्हा तोंडात आलं. एक शेळी फिस्सकन हसली, "आधी ढवळतात!"

"मग व्याख्यान देतात!" दुसरी खिदळली. मग सगळा कळपच सुरू झाला.

"गप्प बसा!"

"आम्ही काय करडं आहोत होय, दाढोबा?"

झिपरी नियमाप्रमाणे तोंड मिटून बसली होती, आणि हसू दाबता दाबता तिला उचक्या लागल्या होत्या.