चकचकीत सुरई

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. उन्हाळे तेव्हाही असेच कडक होते आणि आईबापांची काळजीही अशीच होती, म्हणून ती अजून सांगावीशी वाटते. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका राज्यात एक राजशाळा होती. तिथे शिकलेली मुलं वैद्य होत, पाट-बंधारे बांधत, गावोगावचे न्यायनिवाडे करत. पण दर गावातून वर्षाला एकच मूल तिथे घेत, आणि तेही वयाच्या सोळाव्या वर्षी. एकदा संधी हुकली की कायमची हुकली. निवडीची परीक्षा तीन दिवस चाले, आणि ती असे ऐन वैशाखात, नदीपलीकडच्या दगडी चौकात. डोक्यावर नुसता विरळ मांडव.

दर वर्षी आईबाप प्रधानापुढे हात जोडत. "प्रधानजी, पोरं करपतात हो. पाऊस सुरू झाल्यावर घ्या की परीक्षा."

प्रधान म्हणे, "वैशाखात नदी गुडघाभर असते म्हणून तुमची पोरं इकडे येतात. श्रावणात काय पोहत येणार?"

मग आईबाप घरी जात आणि पन्ह्यासाठी कैऱ्या उकडायला घेत.

त्या राज्यातल्या एका गावात एक कुंभारीण राहत होती. तिला येसू नावाची एकुलती एक मुलगी. भिंतीला भिंत लागून कोष्ट्याचं घर, आणि त्या कोष्टिणीची मंजुळा येसूच्याच वयाची. दोघी एकाच अंगणात वाढलेल्या, एकाच पाटीवर अक्षरं गिरवलेल्या. त्या वर्षी गावातून परीक्षेला बसणाऱ्या या दोघीच होत्या. म्हणजे एक जाणार आणि एक राहणार, हे गावातल्या गुरांनाही ठाऊक होतं.

आता कुंभारणीचं घर म्हणजे भट्टीला लागून. उन्हाळ्यात तिथल्या भिंतीला पाठ टेकवत नसे. येसू गोठ्याच्या सावलीत बसून मोठ्याने धडे म्हणायची आणि समोरचं गाढव कान हलवत ऐकायचं. गाढवापुढे गीता ही म्हण आपण नुसती वापरतो, येसूने ती रोज पाळली.

कोष्ट्याच्या घरी मात्र मागाचा खड्डा होता. हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून कोष्टी लोक ती जागा ओलसर ठेवत. दुपारी माग थांबला की मंजुळा त्या खड्ड्यात पाय सोडून अभ्यासाला बसायची. भर वैशाखात तिच्या पायांना गारवा लागायचा.

कुंभारणीने हे एकदा भिंतीच्या भोकातून पाहिलं आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. ते दुखणं काही ओव्याने जाणारं नव्हतं.

खरं सांगायचं तर कोष्टिणीने आपण होऊन म्हटलं होतं, "अक्का, येसूला पण पाठव ना दुपारची. दोघींना पुरेल एवढी जागा आहे."

"नको गं," कुंभारीण म्हणाली होती. "आमची पोर उन्हातली आहे. तिला नाही लागत असले लाड."

नाकारलं तिनेच, आणि जळत बसली तीही तीच. मंजुळा किती वेळ वाचते, किती वेळा उठते, कोष्टीण तिच्या तळपायांना काशाची वाटी घासते ती तुपाने की खोबरेलाने, सगळं तिला माहीत असायचं. स्वतःची लेक काय शिकते आहे हे विचारायला मात्र सवड मिळत नव्हती. "ती बघ, पहाटेच उठली," एवढंच ती येसूला दिवसातून चार वेळा ऐकवायची. येसू मान हलवून पुढचा धडा काढायची.

त्या गावात एक रीत होती. परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलाला कुंभाराने नवी सुरई द्यायची आणि कोष्ट्याने नवा पंचा, भिजवून डोक्यावर घ्यायला. दोन्ही भेट म्हणूनच. चौकात ज्याने त्याने आपल्याच सुरईतलं पाणी प्यायचं असे. पहिल्या सकाळी जागा घेतली की सुरई तिथे ठेवायची, ती तीन दिवस तिथून हलायची नाही. रोज पहाटे चौकीदार ती भरायचे. एकमेकांना पाणी द्यायचं नाही, बोलायचं नाही. मुलं रात्री चौकातच झोपत आणि आईबाप बाहेर चिंचेखाली थांबत.

कुंभारकामात चाक फिरवायचं ते पुरुषाने. माती मळणं आणि मडकं घोटणं बाईच्या हातचं. मळताना मातीत भाताचं तूस आणि राख घालतात. भट्टीत तूस जळून जातं आणि मडक्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. त्यांतून पाणी पाझरतं, मडक्याला घाम फुटतो आणि आतलं पाणी गार होतं. हे कुंभाराच्या घरी रांगतं पोरही जाणतं.

कुंभारणीने दोन गोळे मळले. एकात तूस घातलं. दुसऱ्यात घातलं नाही.

"हा गोळा फारच मऊ लागतोय," कुंभार चाकावरून म्हणाला.

"माती बारीक चाळलीय," ती म्हणाली. "शेजारणीच्या लेकीची सुरई आहे, चांगली नको व्हायला?"

तूस नसलेलं मडकं तडकायला वेळ लागत नाही. म्हणून तिने ती सुरई आठ दिवस सावलीत जपून वाळवली, रोज उठून फिरवून ठेवली. मग गुळगुळीत गोट्याने ती इतकी घोटली की उरलीसुरली छिद्रंही बुजली आणि सुरईत तोंड दिसायला लागलं. स्वतःच्या लेकीच्या सुरईला तिने एवढं कधी जपलं नव्हतं. मत्सराइतकं कष्टाळू माणूस शोधून सापडायचं नाही.

सुरई पाहून कोष्टिणीचे डोळे भरून आले. "अक्का, माझ्या मंजुळेसाठी एवढी मेहनत घेतलीस. आणि येसूची बघ कशी साधीच ठेवलीस."

"लेकी काय वेगळ्या का आहेत," कुंभारीण म्हणाली, आणि तिची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

कोष्टिणीने येसूसाठी पंचा आणला होता. ती गेल्यावर कुंभारणीने तो उजेडात धरून पाहिला. कुठे वीण विरळ आहे का, कुठे धागा तुटका आहे का. पंचा दुहेरी विणीचा होता, पाणी बराच वेळ धरून ठेवणारा. मंजुळेचा एकेरीच होता. "दाखवायची हौस दांडगी," कुंभारीण पुटपुटली आणि तिने पंचा गाठोड्यात कोंबला.

परीक्षेचा दिवस आला. दोघी मुली हातात हात घालून नदी उतरून गेल्या आणि चौकाचं दार बंद झालं. बाहेर चिंचेखाली गावोगावचे आईबाप बसले. कुणी जप करत होतं, कुणी नुसतंच आकाशाकडे बघत होतं, जणू सूर्याला लाज वाटेल. कुंभारीण आणि कोष्टीण एकाच घोंगडीवर बसल्या होत्या.

संध्याकाळी चौकीदार बाहेर आला. सगळ्यांनी त्याला गराडा घातला.

"सगळी ठीक आहेत," तो म्हणाला. "एक पोर तेवढी पाणी तोंडात घेते अन् ठेवून देते. घोटभरसुद्धा पीत नाही. ती नाही का, चकचकीत सुरईवाली."

कोष्टिणीने छातीवर हात ठेवला. कुंभारणीच्या मनात मात्र ओढ्याचं पाणी वाहिल्यासारखं झालं. कितीतरी महिन्यांनी त्या रात्री तिला स्वस्थ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तोच चौकीदार म्हणाला, "चकचकीत सुरईवाली आज दोनदा डोकं धरून बसली होती. पण हट्टी आहे. उठा म्हटलं तर उठत नाही."

कोष्टिणीने कुंभारणीचा हात धरला. "अक्का, नको ती राजशाळा. माझी पोर तेवढी धड परत येऊ दे. येसूच जाऊ दे राजशाळेत, मला आनंदच आहे."

"असं काय करतेस," कुंभारीण तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "खा बरं दोन घास." तिने आपली भाकरी मोडून अर्धी तिच्या हातात दिली. फिरणारा हात मायेचा होता आणि मन नाचत होतं. एकाच बाईत दोन बाया कशा मावतात, हे त्या चिंचेलाच विचारावं.

तिसऱ्या दिवशी ऊन असं तापलं की चौकाच्या दगडांवर पाय ठरेना. परीक्षा संपल्याचा नगारा वाजायला थोडाच वेळ उरला असताना दार उघडलं आणि चार चौकीदार एक बाज घेऊन बाहेर आले.

"चकचकीत सुरईवाली," एकजण ओरडला. "कुणाची पोर आहे?"

कोष्टीण अनवाणी धावली. कुंभारीण तिच्यामागे निघाली. चेहऱ्यावर काळजी कशी आणायची याचा तिने वाटेत विचार केला, आणि ती आणलीही.

बाजेवर येसू होती.

ओठ फाटलेले, अंग भट्टीसारखं तापलेलं. उशाशी ती सुरई. कुंभारणीने ती उचलून लेकीच्या तोंडावर पाणी ओतायला घेतलं आणि पाणी तिच्याच हातावर सांडलं. चुलीवरून उतरवल्यासारखं गरम होतं. ती तशीच उभी राहिली. आपल्या हाताने घोटलेल्या त्या मातीत तिचंच तोंड दिसत होतं.

कोष्टीण थांबली नाही. बाजेवर आपली लेक नाही हे पाहून सुटकेचा श्वास घ्यायलाही ती थांबली नाही. तिने आपल्या कळशीतलं पाणी आणलं, लुगड्याचा पदर फाडून भिजवला, येसूच्या कपाळावर, तळपायांवर ठेवला. "येसू, बाळ, डोळे उघड," ती म्हणत राहिली. बऱ्याच वेळाने येसूने डोळे उघडले.

नगारा वाजला. मंजुळा धावत बाहेर आली. तिच्या कडेवर खरबरीत, घाम सुटलेली सुरई होती. तिने ती येसूच्या ओठांना लावली आणि येसू घटाघट प्यायली.

"मावशी," मंजुळा कुंभारणीला म्हणाली, "पहिल्या सकाळीच, जागा घेण्याआधी, हिने सुरया बदलल्या. म्हणाली, तुझी फार सुंदर दिसते, मला दे. मीही देऊन टाकली. माझ्या हे लक्षात कसं आलं नाही?" आणि ती रडायला लागली.

शेवटचे तीन प्रश्न येसूचे राहिले होते. गावातून मंजुळेची निवड झाली.

परत येताना नदीपाशी मायलेकी मागे राहिल्या. कुंभारणीला विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवेना. "तू का बदललीस गं?"

"मी टिचकी मारली होती, आई," येसू म्हणाली. "काशाच्या वाटीसारखी वाजली. तूस घातलेली सुरई अशी वाजत नाही."

"मग चौकीदाराला सांगायचंस."

"काय सांगू? माझ्या आईने केलंय म्हणून?" येसू पाण्याकडे बघत राहिली. "मला वाटलं, तीन दिवस निघतील. नाही निघाले."

ती आईला एक शब्दही टाकून बोलली नाही. बोलली असती तर कुंभारणीला ते सोपं गेलं असतं.

त्याच संध्याकाळी कुंभारीण ती सुरई घेऊन कोष्टिणीच्या दारात गेली आणि मातीपासून टिचकीपर्यंत सगळं सांगितलं. कोष्टिणीने ऐकून घेतलं. तिने सुरईवरून एकदा हात फिरवला.

"ही मी देव्हाऱ्याशेजारी ठेवणार होते," ती म्हणाली. "एवढी सुंदर वस्तू मला कुणी दिली नव्हती." मग ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. ते दार कुंभारणीसाठी पुन्हा उघडायला दोन उन्हाळे जावे लागले. येसूसाठी मात्र ते दुसऱ्या दिवशीच उघडं होतं.

मंजुळा राजशाळेत गेली. येसू घरी राहिली आणि मडकी घोटायला बसली. तिच्या हाताला आईपेक्षा जास्त गुण होता, आणि ती मान खाली घालून काम करायला लागली की कुंभारणीला तिच्याकडे बघवत नसे.

पुढच्या वैशाखापासून कुंभारणीने आपण होऊन एक रीत पाडली. ती सगळ्या सुरया अंगणात मांडून ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. मुलांनी यावं, टिचकी मारून हवी ती उचलावी. कुणाची कोणती हे तिला कळता कामा नये. म्हणतात, त्या गावात सुरया अजून तशाच दिल्या जातात, आणि टिचकी कशी मारायची हे मुलांना येसूने शिकवलं.

तात्पर्य : दुसऱ्याच्या लेकरासाठी तापवलेलं पाणी शेवटी आपल्याच लेकराच्या घशाला चटका देतं.