खालचा चेहरा

त्या राज्यात सगळी प्रजा चाकांवर चालत असे, आणि दर चार वर्षांनी प्रत्येकाला नवा चेहरा मिळत असे. कायापालटाचा सण आला की सगळे भोंगे वाजवत भट्टीपुढे रांग लावत आणि संध्याकाळी नवं नाक, नवे डोळे, नवं हसू घेऊन घरी जात. कायदासुद्धा चेहऱ्यावरच चाले. ज्या चेहऱ्याने अन्याय केला आणि ज्या चेहऱ्याने तो सोसला, ते दोन्ही चावडीवर समोरासमोर उभे राहिले, तरच तक्रार ऐकली जाई. दोघांतल्या एकाने जरी चेहरा बदललेला असला, तर भांडण मिटलं असं जाहीर करून सगळ्यांना तेल वाटत. त्यामुळे राज्यात शांतता नांदत होती. लुबाडणारे सणाची वाट बघत, आणि लुबाडले गेलेलेही चारचौघांत जुनाट दिसायला नको म्हणून मुकाट्याने रांगेत उभे राहत.

एकटा ठोकळोजी कधी रांगेत उभा राहिला नाही. सपाट कपाळ, दोन गोल डोळे, सरळसोट गाल, दारांच्या बिजागऱ्या बाहेरच, आणि नाकाखाली एक जाडजूड लोखंडी पट्टी. भट्टीतून पहिल्या दिवशी निघाला तसाच तो आजही होता. लोक आधी हसले. मग सवय झाली. मग, अशा गोष्टींचं होतं तसं, कौतुक सुरू झालं. कुणी म्हणे, परंपरा जपावी तर ठोकळोजीबाबांनी. कुणी म्हणे, जे मुळातच जमून आलंय ते बदलायचं कशाला? भट्टीच्या कारागिरांनी तर त्याचं चित्र भिंतीवर रंगवलं आणि खाली ‘निष्ठा’ असं लिहिलं. ठोकळोजी त्या भिंतीवरून जाताना तिच्याकडे बघतही नसे. निष्ठा कसली डोंबलाची! त्याला सूड घ्यायचा होता, आणि त्यासाठी हाच चेहरा हवा होता.

त्याचा धाकटा भाऊ होता, कातळ्या. एकाच साच्यातले दोघे. फार वर्षांपूर्वी एक तांडा डोंगरातली खिंड ओलांडत होता, तेव्हा तुकतुकराव नावाचं एक बडं प्रस्थ वळणावर घसरलं. कातळ्याने आपला दोर त्याला बांधला आणि जिवाच्या आकांताने ओढून वर आणलं. तुकतुकरावाची चाकं रस्त्याला लागली न लागली, तोच कातळ्याच्या चाकांखालची माती सुटली. दोर अजून दोघांमध्ये ताणलेला होता. तुकतुकरावाने क्षणभर दरीकडे बघितलं आणि दोर कापला.

मागच्या वळणावरून ठोकळोजीने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तो तडक चावडीवर गेला. पण तुकतुकराव त्याच्या आधी भट्टीत पोचला होता. सणाला दोन महिने अवकाश असताना, खास परवानगीने, त्याने नवा चेहरा चढवून घेतला होता. वर नव्या तोंडाने तो म्हणाला, “कातळ्या? असं कुणी आमच्या तांड्यात नव्हतंच.” तांड्याच्या यादीतूनही ते नाव गेलं. ज्याने जीव वाचवला त्याचं नावसुद्धा उच्चारायचं नाही, हे ठोकळोजीच्या काळजात रुतलं. भावाचं मरण त्याने एक वेळ पचवलं असतं, हे नाही.

त्याला भट्टीतली एक गोष्ट ठाऊक होती. कारागीर आळशी होते. जुना चेहरा सोलून काढायला वेळ लागतो, म्हणून ते त्याच्यावरच नवा ठोकून देत. म्हणजे दोर कापणारा चेहरा कुठे गेलेला नव्हता. तो खाली होता. एक दिवस त्या चेहऱ्यापर्यंत पोचायचं आणि त्याच्या तोंडून कातळ्याचं नाव वदवून घ्यायचं. त्या दिवशी त्या चेहऱ्याला ओळख पटायला हवी, समोर तंतोतंत कातळ्याच उभा आहे असं वाटायला हवं. म्हणून ठोकळोजीने स्वतःत काडीचाही बदल होऊ दिला नाही. गंज चढू नये म्हणून रोज सकाळी तो कपाळाला आणि गालांना तेल चोळी. चोळताना दर वेळी तो दोर आठवे, आणि हात आणखी जोरात चाले. आतून मात्र त्याने जुनं काही ठेवलं नव्हतं. काळीज तीनदा बदललं, दात नवे बसवले, पोटाखाली पोलादी दोराची चरखी घेतली. ती खिंड चढायला जे जे लागेल ते सगळं त्याने गुपचूप गोळा केलं. वरून बघणाऱ्याला वाटे, बाबा आहेत तसेच आहेत.

तुकतुकरावाने तोवर सात चेहरे केले. सातव्या चेहऱ्याचं हसू तर इतकं गोड होतं की लोकांनी त्याला राज्याचा प्रधान केलं. प्रधान झाल्यावर त्याने खिंडीतून नवा गुळगुळीत रस्ता काढला आणि भर दुपारी, फुलांच्या माळा घालून, तो स्वतः सगळ्यांच्या पुढे निघाला. वळणावर रस्त्याची कड ढासळली. प्रधानाची मागची चाकं दरीवर लोंबकळली आणि नाक तेवढं रस्त्यावर राहिलं. बरोबरची मंडळी देखणी होती, पण मातीत उतरायची कुणाची छाती नव्हती. ती धावत गावात आली. “बाबा, आता तुम्हीच!”

ठोकळोजीने त्यांना खालीच थांबवलं आणि तो एकटा वर चढला. इतक्या वर्षांनी त्याला प्रथमच बरं वाटत होतं.

“कोण, ठोकळोजीबाबा?” प्रधान कळवळला. “देवासारखे आलात बघा. टाका दोर, लवकर टाका.”

“टाकतो. आधी एक नाव घ्यायचं.”

“कुणाचं?”

“ते तुम्ही सांगायचं. याच वळणावर तुम्ही त्याचा दोर कापलात.”

“मी? अहो बाबा, हा चेहरा यंदाचा आहे. कुणालाही विचारा.”

“ठाऊक आहे,” ठोकळोजी म्हणाला. “तुमच्याशी मला बोलायचंच नाही. तुमच्या खालच्याशी बोलायचंय.”

त्याने दोराचा आकडा त्या गोड हसण्यात अडकवला आणि चरखी फिरवली. चेहरा सोलून आला. कचकड्याचाच होता तो. खालच्या चेहऱ्याने डोळे उघडले, दरी पाहिली आणि रडत सांगितलं, “भाजीच्या हातगाडीला मी खड्ड्यात लोटलं होतं. सोनी तिचं नाव. आता ओढा ना!” ठोकळोजीने तोही ओढून काढला. त्याखालच्याने दोन नावं घेतली, त्याखालच्याने पाच. कुणी दुधाची गाडी होती, कुणी थकलेला छकडा. ज्याच्या त्याच्या चेहऱ्याला ज्याचे त्याचे अपराध पाठ होते. त्या नावांनाही कुणी भाऊ असतील, हे ठोकळोजीच्या मनातही आलं नाही. त्याला त्यांचं सोयरसुतक नव्हतं. “हे नाही,” तो म्हणायचा, आणि आकडा पुन्हा टाकायचा. प्रत्येक चेहऱ्यागणिक प्रधान थोडा मागे सरकत होता, आणि आवाज बारीक होत चालला होता.

सातही चेहरे निघाले. आता त्यांच्याखालचा, दोर कापणारा. ठोकळोजीने आपलं तेल प्यायलेलं कपाळ वर केलं, दोन्ही गोल डोळे उन्हात नीट दिसतील असा तो समोर उभा राहिला.

“ओळखलंस?”

 त्या चेहऱ्याला जागं करायला त्याने हलकेच आकडा टाकला आणि ओढला. आकडा सहज परत आला. त्याच्यावर मूठभर लाल भुकटी होती. सात चेहऱ्यांखाली, तेलाच्या थेंबावाचून, तो पहिला चेहरा केव्हाच गंजून गेला होता. त्याच्या जागी एक भोक होतं, आणि भोकातून पलीकडचं दरीवरचं आभाळ दिसत होतं.

दोर अडकवायला तिथे आता काहीच नव्हतं. बोलायलाही कुणी नव्हतं.

ठोकळोजी पुढे झाला. इतका पुढे, की त्याच्याही चाकांखालची माती भुरभुरू लागली. त्याने तोंड त्या भोकाशी नेलं.

“नाव घे त्याचं,” तो म्हणाला. “एकदा घे.” मग त्याला राहवलं नाही. सगळा जीव एकवटून तो ओरडला, “कातळ्या!”

तुकतुकरावाच्या तोंडातून स्पष्ट उत्तर आलं, “कातळ्या!” आवाज ठोकळोजीचा होता.