सरासरी अकरा

“मग चुकलं कुठं, भंते?”

हंसराज टेंभुर्णे हातातला कागद पुढं धरून बसला होता. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात तो संख्याशास्त्र शिकवायचा. आकड्यांत त्याचा हात कुणी धरत नसे. त्याची लेक उत्पला जाऊन महिना झाला होता. चार वर्षांची होती.

विहारातले म्हातारे भंते धम्मसार नुसते ऐकत होते.

“तिचा आजार फार थोड्या मुलांना होतो. आधीची चौदा मुलं कितव्या वर्षी गेली, ते मी डॉक्टरांकडून उतरवून आणलं. सरासरी निघाली अकरा. उत्पला तेव्हा तीन वर्षांची. म्हटलं, आठ वर्षं आहेत आपल्या हातात...”

“बरं.”

“ती म्हणायची, बाबा, समुद्र बघू. मी म्हणायचो, परीक्षा संपू दे. मग पेपर तपासून होऊ दे...” त्यानं कागदाकडं पाहिलं. “गणित तीनदा पडताळलंय, भंते. अकराच येतात.”

“मला सरासरी कळत नाही,” भंते म्हणाले. “एकेक मूल सांग.”

त्यांनी खडूनं फरशीवर लांब रेघ ओढली, तिच्यावर एक ते वीस आकडे घातले आणि चिंचोक्यांचा डबा जवळ घेतला.

हंसराज वाचू लागला. “चार... अठरा... तीन... एकोणीस... चार...”

तो वय सांगे, भंते त्या आकड्यावर एक चिंचोका ठेवत. चौदा झाले. सात जण चारच्या आसपास, सात जण अठराच्या आसपास.

“आता अकरावर बोट ठेव.”

त्यानं ठेवलं. बोटाखाली गार फरशी होती. शेजारी दहावर कुणी नाही, बारावर कुणी नाही.



“पहिल्याच तासाला सांगतो मी पोरांना,” तो पुटपुटला. “आधी आकडे मांडून बघा, मग सरासरी काढा. दरवर्षी सांगतो... मग मीच का नाही मांडले?”

भंतेंनी डब्यातून आणखी एक चिंचोका काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

“ही उत्पला.”

हंसराजनं हात चारच्या ढिगावर नेला. मूठ उघडेना.

“ठेववत नाही, भंते...”

“आकडे उतरवून आणलेस, तेव्हाही नव्हतं ठेववलं.”