येसूआईचं पीस

रेवतीचे श्वास मोजता मोजता शलाकाला झोप लागत नसे, आणि चुकून लागलीच तर आकडा विसरला म्हणून दचकून जाग येई. मिनिटाला किती श्वास झाले की घाबरायचं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. किती झाले की घाबरायचं नाही, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

दर हिवाळ्यात तिच्या सहा वर्षांच्या लेकीची, रेवतीची, छाती वाजायला लागे. औषधं चालू होतीच, शिवाय रोज सकाळी थोडा श्वासाचा व्यायाम करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. नळीत फुंकायचं आणि वरचा हलका चेंडू तरंगत ठेवायचा. पोरीनं तो दोन दिवस तरंगवला. तिसऱ्या दिवशी चेंडू बाहुलीच्या आंघोळीला गेला. शलाकानं फ्रिजवर चांदण्यांचा तक्ता लावला, मोबाइलवर सेकंद मोजत समोर बसली, "कालच्यापेक्षा कमी झालं हं" असं गोड आवाजात म्हणाली, मग कडू आवाजात म्हणाली, मग स्वतःच रडली. पोरीला चिकाटी लावायची तरी कशी? आणि लावणार कोण? जिचे पळायचे बूट दूध आणण्यापलीकडे कधी पळाले नाहीत, ती?

त्या संध्याकाळी वाफेचं यंत्र घरघरत होतं. रेवतीच्या नाकातोंडावर मास्क होता, म्हणजे वाफ संपेपर्यंत तिला बोलता येणार नव्हतं. असा श्रोता पुन्हा कधी मिळायचा? शलाकानं तिला मांडीवर घेतलं आणि आपल्या आजोळची, करंजबंदरची गोष्ट सांगायला घेतली.

फार वर्षांपूर्वी, खाडीतले मासे माणसांना नावानं ओळखायचे तेव्हा, करंजबंदरात येसू नावाची एक सून आली. आली ती कुठल्याशा आतल्या, झाडीतल्या गावातून. समुद्राचा वास तिला लग्नाच्या दिवशीच पहिल्यांदा आला. अंगानं काटकुळी, छातीत दमा. चार पावलं भरभर चालली की आत कुठेतरी जुनं दार करकरायला लागायचं. वरात बंदरावर उतरली तेव्हा बायका एकमेकींच्या कानाला लागल्या, "हरबानं बायको आणली की बासरी गो?"

हरबा म्हणजे येसूचा नवरा. होडी घेऊन मासेमारीला जायचा. घरात तो आणि त्याची आई मथुराय, दोघंच. मथुरायचा नवरा पूर्वी एका धुक्यात गेला तो परत आलाच नव्हता. तेव्हापासून मथुरायनं बोलणं निम्मं केलं होतं, आणि उरलं होतं ते तिखट होतं.

त्या बंदरात पौषात धुकं उतरतं. आजही उतरतं. पण तेव्हाचं धुकं असं, की गाईला आपलं वासरू चाटायला सापडायचं नाही, असं म्हणतात. खाडीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना उंच कडे, आणि मध्ये पाण्याखाली दात विचकून बसलेली खडकांची रांग. धुकं पडलं की बंदराच्या उंच टोकावर उभं राहून शंख फुंकायचा आणि त्या आवाजाच्या रोखानं होड्यांनी घरी यायचं, अशी रीत होती. शंखाचा मान राणोजीचा. राणोजीची छाती म्हणजे नगारा. त्यानं एकदा फुंकलं की घरांवरची कौलं सरकायची. पण एवढं फुंकलं की तो थांबायचा, दम घ्यायचा, मग पुन्हा फुंकायचा. त्या थांबण्यात दोन्ही कडे त्याचाच आवाज परत फेकायचे. धुक्यातल्या माणसाला कळायचं नाही, यातला राणोजी कुठला आणि कडा कुठला. मग एखादी होडी कड्यालाच राणोजी समजायची आणि खडकांवर जायची. गाव जमून विचार करायचं आणि दर वेळी एकच ठरवायचं: आवाज कमी पडला, राणोजीला अजून तूप द्या.

येसूचं शंखाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला चूलच पेटवता येईना. फुंकणी तोंडाला लावली की फुंकर कमी आणि खोकला जास्त. घरभर धूर.

"काय गो," मथुराय म्हणाली, "रांधतेस की डास हाकलतेस?"

दुसऱ्या सकाळी सासूनं फुंकणी काढून घेतली. आता आपल्याला माहेरी धाडणार, असं येसूला वाटलं. पण मथुरायनं खाडीकाठून बगळ्याचं एक पांढरं पीस आणलं होतं. ते दोऱ्याला बांधलं, दोरा चिमटीत धरला आणि सुनेला समोर पाटावर बसवलं.

"फुंक."

येसूनं जीव खाऊन फुंकलं. पीस गरकन फिरलं आणि येसू खोकून खोकून वाकली.

"उडवू नको त्याला. वाकतं ठेव. वाऱ्यानं ज्योत वाकते ना, तशी. सरळ होऊ द्यायचं नाही, बस."

येसूनं ओठ बारीक केले. पीस वाकलं, आणि पापणी लवायच्या आत सरळ झालं.

"किती वेळ राहिलं, आत्याबाई?"

"मी काय मोजायला बसलेय? मी पीस धरलंय."

एवढंच. चुलीवर पेज चढली की दोघी समोरासमोर बसायच्या. पेज शिजेपर्यंत पीस, मग घरची कामं. पहिला पावसाळा येईपर्यंत रोज पीसच जिंकलं. पण हळूहळू येसूला एक गोष्ट उमगली. श्वास घशातून घेतला तर घशापुरताच मिळतो. घागर भरताना पाणी कसं तळापासून वर चढतं, तसा तो आत घ्यायचा, आणि सोडताना घागर कलती करावी तसा सोडायचा. टोकावरच्या झऱ्यावरून पाणी आणताना पूर्वी ती वाटेत टेकायची, कधी दगडावर, कधी बांधावर. एके दिवशी घरी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, आज टेकायचं राहूनच गेलं.

मास्कमागे रेवतीनं एक मोठा श्वास घेतला. शलाकाची नजर घड्याळाकडे गेली, आणि तिनं ती परत आणली.

मग एका आषाढात दोघींचं बिनसलं. उघडीप बघून अंगणात वाळत घातलेलं सुकट येसू उचलायला विसरली आणि पावसानं सगळं नासवलं. मथुराय म्हणाली, "श्वासासारखीच अक्कलही आखूड." येसूला ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती पाटावर बसेना. सासूनं बोलावलं नाही, सुनेनं विचारलं नाही. पण रोज सकाळी, चुलीवर पेज चढली की मथुराय दोरा धरून बसायची. समोर पाट रिकामा. फुंकणारं कोणी नाही. तरी पेज शिजेपर्यंत ती हात खाली करायची नाही. मग पीस वळचणीला खोचायची आणि उठायची.

श्रावण सरला. गौरी आल्या आणि गेल्या. एका सकाळी येसू पाटावर येऊन बसली. तिनं फुंकलं. पीस वाकलं, आणि पापणी लवायच्या आत सरळ झालं. पहिल्या दिवशी झालं होतं, अगदी तसं.

"गेलं सगळं," येसू म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

"गेलं तर जाऊ दे. पीस इथंच आहे. फुंक."

त्यानंतरही खंड पडले. बाळंतपणं झाली, ताप आले, घरात दुखवटे आले. पण खंड पडला की पाट रिकामा राही आणि हात वर राही, त्यामुळे येसूला परत यायला जागा असायची. तिची मुलं त्या पिसासमोर रांगली, त्या पिसासमोर चालायला लागली. पिसं झिजली, नवी आली. तिच्या चुलीनं धूर करणं सोडलं. आणि पुढे पुढे तर ओहोटीला वाकलेलं पीस भरती आली तरी सरळ व्हायचं नाही, असं म्हणतात. मथुरायची नजर तोवर गेली होती. तिला पीस दिसत नसे. "दोऱ्याला कळतं," ती म्हणायची.

मग तो पौष आला.

धुकं असं उतरलं की लोकांना आपल्याच दाराची कडी चाचपून शोधावी लागली. सगळ्या होड्या बाहेर. हरबाचीही. राणोजी टोकावर उभा राहिला आणि त्यानं फुंकलं. पुन्हा फुंकलं. कडे गरजले. आणि खालून, पाण्यातून, लाकूड फुटल्याचा आवाज आला. फुटलेल्या होडीतले दोघे पोहत कसेबसे किनाऱ्याला लागले. अंगभर खरचटलेले. त्यातला एक कुडकुडत म्हणाला, "आत सगळीकडं राणोजीच राणोजी आहे. कुठल्या राणोजीकडं जायचं?"

ते ऐकून राणोजीनं शंख खाली घेतला आणि तो मटकन दगडावर बसला. बायका पाण्याकडे बघत होत्या, आणि पाणी दिसत नव्हतं.

तेवढ्यात येसूच्या खांद्यावर हात ठेवून मथुराय टोक चढून आली. म्हणाली, "शंख येसूला द्या."

"हिला?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "बासरीला?"

कोणी हसलं नाही. राणोजीनं आपल्या हातानं शंख पुढे केला. "घे बाय," तो म्हणाला. "माझा आवाज धाडला की कडे पळवतात, मला तो परत बोलावता येत नाही."

येसूनं शंख ओठांना लावला. जवळ उभ्या असलेल्यांना आधी वाटलं, काही वाजलंच नाही. मग वाटलं, एखादी मधमाशी आली. मग कळलं, हा सूर आहे. सुतासारखा बारीक, आणि तो थांबत नव्हता. कड्यांनी तो परत फेकायचा प्रयत्न केला, पण त्यांना मध्ये बोलायला जागाच मिळेना. शेजारी मथुराय उभी होती, हात वर, चिमटीत दोरा. पीस समुद्राच्या बाजूला वाकलं होतं.

येसूनं श्वास घेतला कधी, ते कोणाला दिसलं नाही. असं म्हणतात की थोड्या वेळानं पिसाबरोबर धुकंही वाकायला लागलं. शेत वाऱ्यानं वाकावं तसं, सगळं एका अंगाला. आणि त्या वाकलेल्या धुक्याखालून पहिली होडी आली. नाखव्याचे डोळे मिटलेले होते आणि हात पुढे, दोरी धरून यावं तसे. तिच्यामागून दुसरी आली. मग एकामागून एक. शेवटी हरबाची.

"बस गो येसू," बायका म्हणाल्या. "आली सगळी."

येसूनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मथुरायचा हात अजून वरच होता. येसूनं सूर सोडला नाही.

तेव्हा धुक्यातून अजून एक होडी आली, असं म्हणतात. जुन्या घडणीची. तशी त्या बंदरात आता कोणी बांधत नसे. शीड ओलं, जाळं कोरडं. वल्ह्यांचा आवाज नाही. कोणी म्हणतं, तीत एक माणूस होता. कोणी म्हणतं, ते धुकंच होतं, होडीच्या आकाराचं. पण आंधळ्या मथुरायनं मान तिकडेच वळवली.

"उशीर केलात हो," ती म्हणाली, आणि तिनं हात खाली घेतला.

मग येसू थांबली.

तिचा तो श्वास संपला मात्र नाही, असं म्हणतात. अजून पौषातल्या पहाटे खाडीच्या पाण्याला कान लावला तर खालून बारीकसं काही ऐकू येतं. आता होड्यांना इंजिनं आहेत, खिशात नकाशे आहेत. तरी धुकं पडलं की करंजबंदरचा माणूस खाडीच्या तोंडाशी क्षणभर इंजिन बंद करतो, कान देतो, आणि मगच आत शिरतो. आणि पौषाच्या पौर्णिमेला तिथं घरोघरी चुलीवर पेज चढवतात. घरातलं सगळ्यात मोठं माणूस बगळ्याचं पीस दोऱ्याला बांधून धरतं आणि सगळ्यात धाकटं माणूस फुंकतं. पेज शिजेपर्यंत. कोण किती वेळ, हे तिथं कोणी विचारत नाही. मोजायला लागलं की येसूआई उठून जाते, असं म्हणतात.

यंत्राची घरघर थांबली. शलाकानं मास्क काढला. रेवतीच्या नाकावर त्याचा लाल वळ उमटला होता. आता सांगायला हवं, शलाकाला वाटलं, की बघ, म्हणून रोज करायचं असतं, थोडं थोडं, कंटाळा आला तरी. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण स्वतःचे बूट दाराशी दिसले आणि तिनं ते गिळलं.

रेवतीनं फ्रिजवरच्या तक्त्याकडे पाहिलं. मग तिनं नाक चोळलं.

"कावळ्याचं पीस नाही हं चालणार," ती म्हणाली. "आणि आई, तू फक्त धरायचं."