कच्चा टाका

"सांगा ना चाचा, यात चूक कुठं आहे?"

दस्तगीरचाचांनी तो काडेपेटीएवढा सर्किट बोर्ड उलटा केला आणि त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेल्याला सहा वर्षं झाली होती. आता जे काय बघायचं ते अंगठाच बघायचा.

"चूक नाही."

"नीट बघा."

"बघितलं. सोल्डरचे एकोणीस टाके आहेत. एकोणीसच्या एकोणीस पक्के. चूक नाही."

"तेच तर!" भरतेश मगदूम स्टुलावर पुढं सरकला. "चूकच होत नाही माझ्या हातून. तीन रविवार घातले, तीन बोर्ड केले. तिन्ही असेच."

चाचांनी बोर्ड पुन्हा एकदा उलटसुलट केला. अंगठा बोर्डावरच होता.

"तुम्हीच मला पक्का टाका मारायला शिकवलंत," भरतेश म्हणाला. "आता कच्चा मारायला शिकवा."

कुरुंदवाडच्या त्या दुकानाचा पुढचा भाग चाचांनी कधीच भाड्यानं देऊन टाकला होता. तिथं आता मोबाईलची कव्हरं टांगलेली असत. मागच्या खोलीत चाचांचं टेबल, दोन स्टुलं आणि भिंतीवरच्या फळ्या एवढंच उरलं होतं. याच टेबलाशी भरतेश तेराव्या वर्षी येऊन उभा राहिला होता. शाळा सुटली की इकडं. चार वर्षं त्यानं इथं रेडिओ उघडले, टेपरेकॉर्डर उघडले, आणि मग डिप्लोमा करून पुण्याला गेला. आता पन्नाशीला आला होता. कारखान्यात त्याच्या हाताखाली साठ माणसं होती, आणि त्यानं मारलेला टाका नव्या पोरांना भिंगाखाली धरून दाखवत असत.

येतो येतो म्हणत इथं मात्र अकरा वर्षांत आला नव्हता.

"गाडी कुणाची?" दुसऱ्या हाताला लागलेलं चाक फिरवत चाचांनी विचारलं.

टेबलावर एक लाल खेळण्यातली गाडी होती. रिमोटवर चालणारी, वीतभर लांबीची, वरचा टप काढून ठेवलेली.

"त्रिशलाची. माझ्या मुलीची."

"ती चालवते?"

"नाही... ती एकोणीस वर्षांची आहे, चाचा."

"मग?"

मग भरतेशनं सांगितलं ते असं.

त्रिशला बारा वर्षांची असताना तिला ही गाडी मिळाली. दिसायला देखणी, पण रिमोट आठ-दहा पावलांपलीकडं पोचायचा नाही. तिला गाडी त्यांच्या सोसायटीच्या गेटापर्यंत न्यायची होती. मे महिन्याची सुट्टी होती. तिनं गाडी खोलली. एका मैत्रिणीच्या मोडक्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरमधला रिसीव्हर त्याच्या रिमोटसकट घेतला, मोटरसाठी जाड ट्रान्झिस्टर मागवला, आणि बापाची जुनी सोल्डरगन घेऊन जुन्या बोर्डावरच सगळं जोडत बसली. अकरा दिवस. दोनदा बोट भाजलं. रोज संध्याकाळी विचारायची, "पप्पा, बघता का जरा?" तो म्हणायचा, "नंतर बघू."

अकराव्या दिवशी गाडी गेटापर्यंत गेली.

"सरळ जात नव्हती," भरतेश म्हणाला. "डावीकडं ओढायची. मध्येच झटका घ्यायची. गेटापर्यंत जाईतो तिला चार वेळा वळवावी लागायची. पण ही सगळ्या सोसायटीला दाखवत फिरत होती. मी एकदा उघडून बघितली. काय सांगू चाचा... ज्वारीच्या लाह्या चिकटवाव्यात तसे टाके! एक धड नाही. मला बघवेना."

"मग?"

"ती दोन दिवस मावशीकडं गेली होती. मी सगळं उपसून काढलं. स्वतः आखून नवा बोर्ड केला. सुंदर केला. तिचा जुना..."

"तिचा जुना?"

"टाकून दिला."

बाहेर कुणीतरी कव्हराचा भाव करत होतं. चाचा तिकडं कान देऊन बसल्यासारखे बसले.

"आता ती बंगळूरला चाललीय. कायदा शिकायला. शुक्रवारची गाडी आहे. महिन्यापूर्वी खोली आवरताना तिनं ही गाडी द्यायच्या वस्तूंत ठेवलेली दिसली. मी म्हटलं, अगं, तुझी गाडी! तर म्हणाली, 'ती तुमची आहे, पप्पा. तुम्हीच ठेवा.'"

"चिडून म्हणाली?"

"नाही ना. चिडली असती तर बरं झालं असतं."

भरतेशनं मोबाईल काढला, मग चाचांना दिसत नाही हे आठवून खाली ठेवला. "तिच्या आईच्या जुन्या मोबाईलमध्ये तिच्या त्या बोर्डाचा एक फोटो सापडला. ठरवलं, तस्साच परत करायचा. ती जायच्या आत तिच्या बॅगेत ठेवायचा. कुठला भाग कुठं होता, कुठली वायर कुठून गेली होती, सगळं जमतं. टाके जमत नाहीत. हात थरथरवून बघितला. सोल्डरगन अर्धवट तापवून बघितली. तरी शेवटी पक्काच बसतो मेला."

त्यानं येतानाच आपली सोल्डरगन बरोबर आणली होती. टेबलाच्या कडेच्या प्लगला लावून तापत ठेवली होती. सोल्डरमधल्या राळेचा तो ओळखीचा वास खोलीत पसरला होता.

"म्हणजे तुला तिची खोटी सही करायचीय," चाचा म्हणाले.

भरतेशनं मोबाईल खिशात घातला. मग जरा घुश्शातच म्हणाला, "तुम्हाला शिकवायचं नसेल तर तसं सांगा."

चाचांनी बोर्ड गाडीशेजारी ठेवला.

"वरच्या फळीवर रेडिओ आहे. काढ."

लाकडी पेटीचा जुना रेडिओ. भरतेशनं तो दोन्ही हातांनी खाली घेतला. धूळ नव्हती त्यावर.

"मागचं झाकण काढ."

चार स्क्रू होते. भरतेशनं ते काढले, झाकण बाजूला ठेवलं आणि सवयीनं आत वाकून बघितलं.

"स्पीकरची वायर बघ. बोर्डाला लागते तिथं."

"अरे बाप रे..." भरतेश हसलाच. "हा कुणी मारलाय? चिंचोक्याएवढा गोळा! निम्मा सोल्डर वाया. आणि खाली धरलंच नाहीये त्यानं. कुठल्या अडाण्याचं काम आहे हे?"

"तुझं."

भरतेशनं मान वर केली.

"तू आलास त्याच्या तिसऱ्या दिवशी. गिऱ्हाइकाचा रेडिओ नव्या हातात देत नसतात. म्हणून माझा दिला होता."

भरतेशनं परत आत पाहिलं. आता हसू येईना. त्याला तो दिवस आठवेना. टेबल आठवलं, चाचांचा खाकी शर्ट आठवला, चाचांचा हात आपल्या मनगटावर असायचा तेही आठवलं. हा टाका काही आठवेना.

"सदतीस वर्षं झाली," तो हळूच म्हणाला. "अजून चालतो?"

"दमट हवेत खरखरतो. मग वरून एक चापट मारायची."

"आणि तुम्ही रोज चापट मारता?"

"पावसाळ्यात रोज."

"पण चाचा, तुम्ही... तुमच्या हातानं... एका मिनिटात नीट झाला असता."

"झाला असता." चाचा त्याच्या आवाजाच्या दिशेनं वळले. "त्या संध्याकाळी रेडिओ लागला म्हणून उड्या मारत घरी गेलास. तू गेल्यावर मी झाकण उघडलं. सोल्डरगन गरमच होती."

"मग?"

"सकाळी तू येणार होतास."

भरतेशनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

सात वर्षांपूर्वीचा सोसायटीचा जिना त्याच्यासमोर आला. मावशीकडून परत आलेली त्रिशला, पाठीवर अजून बॅग. त्यानं तिला वरही जाऊ दिलं नव्हतं. तिथंच तिच्या हातात रिमोट दिला होता. गाडी बाणासारखी गेटाकडं गेली. एकदाही वळवावी लागली नाही. तशीच सरळ परत आली आणि तिच्या पायाशी थांबली.

"तिनं काय म्हटलं माहीत आहे, चाचा?"

"काय?"

"'छान आहे, पप्पा.' एवढंच. रिमोट माझ्या हातात परत दिला आणि जिना चढून गेली." त्यानं गाडी जवळ ओढली. "मला वाटलं, कौतुक केलं तिनं. आठवडाभर कारखान्यात सांगत होतो मी सगळ्यांना. पोरगी खूश झाली म्हणून... त्यानंतर तिनं सोल्डरगनला हात लावला नाही. आणि मला ते कळायलाही सात वर्षं लागली."

चाचांनी हात पुढं केला, टेबलावर चाचपडत त्याचं मनगट शोधलं आणि क्षणभर धरून सोडून दिलं.

समोर रेडिओ उघडा होता आणि आत तो गोळा दिसत होता. भरतेशला तो बघवेना. त्याच्या हाताला जे येत होतं तेच हातानं केलं. त्यानं सोल्डरगन उचलली.

"निदान हा तरी नीट करून देतो, चाचा. या वयात चापट्या कसल्या मारायच्या. एका मिनिटाचं काम."

सोल्डरगनचं टोक पेटीत शिरलं, आणि चाचांचा हात आडवा आला. पंजा पसरून त्यांनी तो टाका झाकला. तापलेलं टोक त्यांच्या बोटांपासून करंगळीभर अंतरावर थांबलं.

"चाचा! भाजेल. हात काढा."

चाचांनी हात काढला नाही.

"राहू दे त्याला."

"माझाच तर आहे. मीच मारलेला."

"तुझा नाही. तेरा वर्षांच्या एका पोराचा आहे. त्याला विचारून ये."

भरतेश तसाच हात उचलून बसून राहिला. सोल्डरगनच्या टोकाशी धुराची एक बारीक रेघ निघाली आणि विरली. मग त्यानं ती खाली ठेवली. प्लग काढला. आपला एकोणीस टाक्यांचा बोर्ड खिशात घातला, गाडीवर टप ठेवला, आणि ती पिशवीत भरता भरता अर्ध्यातच थांबला.

"तो आता कुठं भेटणार, चाचा..."

चाचा रेडिओचं झाकण लावत होते. एकेक स्क्रू बोटानं चाचपून, हळूहळू. चौथा स्क्रू बसला तेव्हा म्हणाले,

"मीपण त्याचीच वाट बघत असतो."