केरबा ट्रॅक्टर आणतो

पंचगंगेच्या काठाला एका गावात एक भोळा घोडेवाला होता. नाव केरबा. त्याला एक थोरली बहीण होती, हौसाक्का. आणि दोघांना मिळून चार घोड्या होत्या: शेवंती, चांदणी, लाडी आणि हिरा. घोड्या लग्नाच्या वराती करायच्या. हौसाक्का घोड्यांचं सगळं करायची. आणि केरबा हौसाक्का सांगेल ते करायचा.

सांगेल तेच करायचा. सगळी अडचण तिथंच होती.

एके वर्षी अक्काची कंबर धरली. वाकता येईना, एस्टीत बसता येईना. चार घोड्यांची लीद रोजची रोज पडायची आणि उचलायला एकटा केरबा. त्याचं एक घमेलं भरेपर्यंत मागं दोन घमेली पडलेली असायची. तबेल्यात चिखल झाला. ओल्यात उभ्या राहून घोड्यांचे खूर मऊ पडायला लागले. लगीनसराई पंधरवड्यावर आली होती आणि कुजल्या खुरांची घोडी वरातीत नाचत नाही.

अक्का म्हणाली, "केरबा, आपण बारका ट्रॅक्टर घिऊ. मागं ट्रॉली लावली की लीद शेतात. जाताना लीद, येताना कडबा. पर मोठा ट्रॅक्टर तबेल्यात शिरायचा न्हाई. तू दाराचं माप घिऊन जिनपालअण्णांच्या दुकानात जा. ह्या दारातनं जाईल असा ट्रॅक्टर बघ."

केरबानं विचार केला. माप न्यायचं. आता माप विसरलं तर? वाटेत सांडलं तर? त्यापेक्षा दारच नेलेलं बरं. त्यानं तबेल्याचं दार बिजागरीतून काढलं, डोक्यावर घेतलं आणि तीन कोस चालत तालुक्याला गेला.

जिनपालअण्णा दुकानात पेपर वाचत बसले होते. केरबानं दार त्यांच्यापुढं उभं केलं.

"अण्णा, ह्या दारातनं जाईल असा ट्रॅक्टर हाय का?"

अण्णांनी दाराकडं बघितलं. "ह्या दारातनं?"

"व्हय."

"हे तर बंद हाय."

केरबानं पण बघितलं. दार खरंच बंद होतं. "मग काय जमायचं न्हाई," तो म्हणाला, आणि दार डोक्यावर घेऊन परत तीन कोस चालत आला.

तोवर बिनदाराच्या तबेल्यातून चारी घोड्या बाहेर पडल्या होत्या आणि शेजारच्या तुकाराम चौगुल्याचा अर्धा हरभरा खाऊन उरलेल्या अर्ध्यात लोळत होत्या.

अक्कानं कपाळाला हात लावला. "आरं खुळ्या, दार न्यायचं नसतंय. सुतळी घ्यायची. ह्या टोकापास्नं त्या टोकापतोर ताणायची. गाठ मारायची. आणि सुतळी खिशात घालून न्यायची."

"एवढंच व्हय?" केरबा म्हणाला. "आता चुकायचो न्हाई."

दुसऱ्या दिवशी शेवंतीचा नाल निखळला. अक्का म्हणाली, "शेवंतीला बाबालालकडं नाल मारून आण."

केरबानं सुतळी घेतली. शेवंतीच्या नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ताणली, गाठ मारली, सुतळी खिशात घातली आणि गेला. बाबालाल नालबंद भात्याशी बसला होता. केरबानं सुतळी त्याच्या हातात दिली.

"हिला नाल मार."

बाबालालनं सुतळी उलटी केली, सुलटी केली. "घोडी कुठाय?"

"ही काय. नाकापास्नं शेपटीपतोर अख्खी हाय."

"आणि पाय?"

केरबानं सुतळीकडं वाकून बघितलं. पायांचं माप घ्यायचं राहूनच गेलं होतं. बाबालाल भला माणूस. त्यानं सुतळीला एक नाल बांधून दिला आणि केरबाला चहा पाजून घरी लावला.

सुतळीला बांधलेला नाल बघून अक्काला हसावं की रडावं कळेना. हसलं तर कंबर दुखायची, म्हणून ती रडल्यासारखं हसली. "आरं बाबा, घोडीला दोरी लावायची. दोरी धरून आपण पुढं चालायचं. ती अडली तर पाठीवरनं हात फिरवायचा, चार हरभरे तोंडाला लावायचे. मग येती मागनं."

"येती मागनं," केरबा म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

इकडं अक्कानं बाबालालला घरी बोलावून शेवंतीला नाल मारून घेतला, दाराचं माप स्वतःच घेतलं आणि अण्णांना फोन केला. अण्णा म्हणाले, "हौसाबाई, तुमच्या दारातनं जाईल असा एक हाय. भावाला पाठवा. दोन दिवस न्या, चालवून बघा, पसंत पडला तर पुढचं बोलू." केरबाला ट्रॅक्टर चालवता येत होता. चौगुल्याचा तो हंगामभर चालवायचा. हात त्याचे चांगलेच होते. म्हणून अक्का निर्धास्त राहिली.

केरबा दोरी आणि खिसाभर हरभरे घेऊन गेला. ट्रॅक्टर लहानसा, लालभडक, दुकानाबाहेर उताराच्या टोकाला उभा होता. केरबानं त्याच्या नाकाला दोरी बांधली. दोरी धरून पुढं चालला. ट्रॅक्टर आला नाही. केरबानं बॉनेटवरून हात फिरवला, "चल माझ्या राजा," म्हणाला. ट्रॅक्टर आला नाही. केरबानं चार हरभरे जाळीला लावले. ते खाली पडले.

"खाईना," तो अण्णांना म्हणाला. "बुजलाय."

अण्णांना वाटलं, पोरगं दोरीनं ओढून नेतंय म्हणजे डिझेल वाचवत असेल. त्यांनी चढून ब्रेक काढून दिला.

उतार सरळ बाजारात जात होता. ट्रॅक्टर हलला. केरबाला बरं वाटलं. तो पुढं चालला, ट्रॅक्टर मागं चालला. केरबा भरभर चालला, ट्रॅक्टर त्याहून भरभर आला. मग केरबा पळाला. दोरी त्यानं सोडली नाही, कारण अक्कानं धरायला सांगितली होती. कोथिंबिरीवाली उठली, बांगडीवाला उठला, न्हाव्याच्या खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीनिशी उठला. केरबा पुढं, ट्रॅक्टर मागं, आणि त्याच्यामागं जिनपालअण्णा धोतराचा सोगा धरून. शेवटी बाजाराच्या टोकाला कडब्याची गंज होती, तिच्यात केरबा शिरला. त्याच्यामागून ट्रॅक्टर शिरला.

केरबानं कडब्यातून डोकं बाहेर काढलं. "हरभऱ्याला तोंड लावंना," तो म्हणाला. "त्याला कडबा पायजे होता."

कुणाला लागलं नाही. अण्णांनी ट्रॅक्टर परत नेला आणि अक्काला फोनवर सगळं सांगितलं. अक्कानं त्या दिवशी केरबाला समोर बसवलं आणि सावकाश सांगितलं, "आरं, दोरी नव्हं. वर बसायचं. किल्ली फिरवायची. आणि वाटेत कुठं न थांबता सरळ घरी यायचं. काय?"

"वर बसायचं. वाटेत कुठं न थांबता सरळ घरी यायचं."

"शाब्बास."

पुढच्या रविवारी लगीनसराईतली पहिली वरात होती. अक्कानं शेवंतीला झूल घातली, कपाळावर गोंडे बांधले आणि केरबाबरोबर पाठवली. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेव न्यायचा, एवढंच काम. नवरदेव बाशिंग बांधून घोडीवर बसला. बँड सुरू झाला. केरबाला आठवलं. वर बसायचं. तो नवरदेवाच्या पुढं जाऊन बसला.

"काय करतोस रं?" नवरदेव म्हणाला.

"बसतोय."

किल्ली कुठं दिसेना, म्हणून त्यानं शेवंतीचा कान पिळला. शेवंतीचा कान आजवर कुणी पिळला नव्हता. ती उधळली. मांडव डावीकडं होता, केरबाचं घर उजवीकडं. नवरदेवानं एका हातानं केरबाची कंबर धरली, दुसऱ्या हातानं बाशिंग. "थांबव, थांबव," तो म्हणत होता.

"थांबायचं न्हाई," केरबा म्हणाला. "अक्का रागावती."

बँडवाल्यांना वाटलं, वरातीचा रस्ता बदलला. ते वाजवत मागं पळाले. वऱ्हाड बँडच्या मागं पळालं. नवरदेवाचा मामा सगळ्यात मागं, आहेराचं ताट घेऊन.

हौसाक्का ओट्यावर कंबर शेकत बसली होती. तिला आधी बँड ऐकू आला. मग फाटकातून शेवंती आत आली, तिच्यावर केरबा, केरबाला मिठी मारून नवरदेव, आणि मागं दीडशे माणूस.

"अक्का, सरळ घरी आणलं," केरबा म्हणाला. "कुठं थांबलो न्हाई."

अक्कानं दीडशे माणसांना पाणी दिलं. नवरदेवाचं बाशिंग सरळ केलं, वऱ्हाडाची माफी मागितली. मुहूर्त कसाबसा गाठला. संध्याकाळी तिनं केरबाला जवळ घेतलं. तिचा आवाज दमला होता. "केरबा, नवरदेव मांडवात सोडायचा असतोय आणि घोडी घरी आणायची असती. सोडायचं ते सोडायचं, आणायचं ते आणायचं. एवढं कळलं तरी बास."

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्काला त्रास द्यावा असं त्याच्या मनात कधीच नसायचं. रात्रभर तो तेच घोकत राहिला. सोडायचं ते सोडायचं, आणायचं ते आणायचं.

सकाळी अक्का म्हणाली, "आता शेवटचं जा. पैशाचं मी अण्णांशी फोनवर ठरवलंय. त्येंच्याकडं आता बारके दोन ट्रॅक्टर हाईत, दोन्ही दारातनं जात्यात. चारी घोड्या संगट ने. एकेक ट्रॅक्टर चालू कर. ज्याच्या आवाजाला घोड्या बुजत न्हाईत, तो आण."

केरबा चारी घोड्या घेऊन गेला. दोऱ्या धरून, पुढं चालत. अण्णांनी पहिला ट्रॅक्टर चालू केला. लाडीनं लाथ झाडली, हिरा दोन पायांवर उभी राहिली. अण्णांनी दुसरा चालू केला. चारी घोड्या कान पाडून शांत उभ्या राहिल्या. शेवंतीनं तर जांभई दिली.

"हाच घ्या," अण्णा म्हणाले. "बारका दिसतोय, पर अठरा घोड्यांचा हाय."

"अठरा?"

"अठरा."

"कुठं हाईत?"

"आत हाईत की. इंजिनात."

केरबानं बॉनेटला कान लावला. आत धडधडत होतं. "दिसत न्हाईत."

"दिसत न्हाईत, पर जोर अठरांचा," अण्णा म्हणाले आणि कागद आणायला आत गेले.

केरबा बाहेर उभा राहिला. एका बाजूला चार घोड्या. एका बाजूला अठरा. त्यानं बोटांवर मोजलं, बोटं संपली, मग पायाची मोजली. अठरा जास्त होते. आणि त्याला अक्काचे शब्द आठवले. सोडायचं ते सोडायचं, आणायचं ते आणायचं. त्याच्या मनात कसा लख्ख उजेड पडला. त्यानं चारी घोड्या दुकानात नेऊन खांबाला बांधल्या, प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवला, ट्रॅक्टरवर बसला, किल्ली फिरवली आणि वाटेत कुठं न थांबता सरळ घरी आला.

अक्का फाटकात उभी होती. ट्रॅक्टर झोकात वळला आणि तबेल्याच्या दारातून एक ओरखडा न लागता आत गेला. अक्काचा ऊर भरून आला.

"आलास व्हय रं शहाणा," ती म्हणाली. "आणि घोड्या?"

"आत हाईत."

"आत कुठं?"

"ट्रॅक्टरात. अठरा हाईत."

अक्काचा हात फाटकावरच राहिला. "आणि आपल्या चार?"

"त्या सोडल्या," केरबा म्हणाला. "नवरदेव सोडायचा हुता तशा."

तेवढ्यात घरात फोन वाजला. अक्का कंबर धरून आत गेली. "हौसाबाई," अण्णा म्हणत होते, "तुमच्या चार घोड्या माझ्या दुकानात उभ्या हाईत. एकीनं कॅलेंडर खाल्लं, दुसरी पावतीबुकाला लागलीय. गिऱ्हाईक आत यायला तयार न्हाई." अक्कानं हात जोडून, जणू अण्णा समोरच आहेत, त्यांची समजूत काढली. चौगुल्याला सांगावा धाडला, घोड्या घेऊन ये म्हणून. मग ती पाणी प्यायली. जीव थाऱ्यावर आला. घोड्या कुठं जात नव्हत्या, ट्रॅक्टर तर पसंतीचाच आला होता. एकंदरीत निभावलं म्हणायचं, असं मनाशी म्हणत ती तबेल्यात गेली.

ट्रॅक्टरपुढं कडब्याच्या अठरा पेंढ्या ओळीनं टाकलेल्या होत्या. केरबा ट्रॅक्टरच्या मागं घमेलं घेऊन उकिडवा बसला होता.

"काय करतोयस?"

"थांबलोय. लीद उचलायला ट्रॅक्टर आणला, पर आधी पडली तर पायजे न्हवं? अठरांची मिळून एक गोळी पडंना." त्याचा चेहरा काळजीनं उतरला होता. "पोट कडक झालंय त्येंचं. आपण शेवंतीला पाजतो तसं एरंडेल पाजलं."

अक्काची नजर बॉनेटवर गेली. डिझेलच्या टाकीचं झाकण उघडं होतं. शेजारी एरंडेलाचा पाच लिटरचा डबा आडवा पडला होता.

"किती पाजलंस?"

"अठरांना पुरंल एवढं," केरबा म्हणाला. "आता जरा फिरवून आणतो, म्हंजे उतरंल."

अक्का हात वर करेपर्यंत त्यानं किल्ली फिरवली. ट्रॅक्टर खोकला. कण्हला. सगळा गदागदा हलला, धुराड्यातून पांढरा लोट सोडला आणि जागच्या जागी गप्प झाला. मग त्याच्या पोटाखालून काळं, घट्ट काहीतरी टपकन पडलं.

केरबानं उडी मारून घमेलं खाली सरकवलं. आत वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अक्का," तो म्हणाला, "लागू पडलं."