मध्येच बंद पडणारा प्लग

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर इतका वैतागला, की त्याने गुरूच्या पाठीमागे गुरूचेच काम मोडून ठेवले.

गुरू म्हणजे धोंडूआप्पा, ट्रॅक्टरच्या वायरिंगचे काम करणारे वृद्ध मिस्त्री. कामात अत्यंत चोख, पण बोलणे अत्यल्प. शिष्य कौतिक तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. कारखान्यातली नोकरी सुटल्यावर ही विद्या शिकायला आलेला. त्याने काहीही विचारले, तरी आप्पांचे उत्तर एकच, "सांगतो तसं कर."

एके दिवशी द्वारकाबाई आपला छोटा ट्रॅक्टर घेऊन आल्या. शेतांना तारेचे कुंपण घालून देणे हा त्यांचा व्यवसाय. खांबांना भोके पाडायला ड्रिल हवे, पण शिवारात वीज कुठली? "ट्रॅक्टरवरच एक प्लग पॉइंट बसवून द्या," त्या म्हणाल्या. आप्पांनी सीटखाली इन्व्हर्टर बसवला, मडगार्डवर झाकणाचा प्लग पॉइंट दिला, आणि बॅटरी व इन्व्हर्टर यांच्यामध्ये साबणाच्या वडीएवढी एक डबी जोडली.

आठ दिवसांत बाई परत हजर.

"आप्पा, पाऊण तास झाला की ड्रिल अर्ध्या भोकात बंद पडतं!"

"इंजिन चालू करून थांबा थोडं. येईल परत."

"डिझेल जाळत नुसती बसू? माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी राहतात हो!"

"थांबायचं," आप्पा म्हणाले आणि दुसऱ्या ट्रॅक्टरखाली शिरले.

बाई दुसऱ्यांदा आल्या, तिसऱ्यांदा आल्या. दर वेळी तेच गाऱ्हाणे आणि तेच उत्तर. शेवटी कौतिकला राहवेना.

"आप्पा, बॅटरीत निम्मा जोर शिल्लक असतानाच ती डबी पुरवठा तोडते. काढू का?"

"नाही."

"पण का नाही?"

"नाही म्हटलं ना!"

कौतिकचे डोके तापले. ज्याला कारण सांगता येत नाही त्याच्याकडे कारणच नसते, असे त्याने मनाशी ठरवून टाकले. चौथ्या खेपेला बाई आल्या तेव्हा आप्पा गावाला गेले होते. या वेळी त्यांचे काम नदीच्या पात्रातल्या एका टरबुजांच्या वाडीवर होते, रानडुकरे तिथे रोज नासधूस करत होती, आणि कुंपण रखडले होते. बाईंना बोलतानाच रडू फुटायचे तेवढे बाकी होते. कौतिकने डबी काढली आणि वायर सरळ जोडून दिली.

"आता सलग चालेल, ताई."

आणि चाललेही. पण तिसऱ्या दिवशी दुपारी धरणाचा भोंगा वाजला. पाणी सुटले होते. बाई धावत जाऊन ट्रॅक्टरवर चढल्या आणि चावी फिरवली. नुसते 'टक्' वाजले. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. चाके वाळूत रुतलेली. बाईंनी आणि वाडीवरच्या सात-आठ जणांनी दोर लावून ओढायला सुरुवात केली. पाणी घोट्याला लागले, मग गुडघ्याला. ट्रॅक्टर कसाबसा काठावर आला; ड्रिल, खांब, तारेची भेंडोळी मात्र वाहून गेली. दोर ओढून बाईंचे दोन्ही तळहात सोलले होते.

दुसऱ्या दिवशी फडके गुंडाळलेले हात घेऊन त्या दुकानात उभ्या राहिल्या. कुणी विचारण्याआधीच कौतिक म्हणाला, "आप्पा, डबी मी काढली."

आप्पा काही बोलण्यापूर्वीच बाई कडाडल्या, "यानं काढली ते कळलं! पण ती कशासाठी आहे, हे मला चार खेपांत कुणी सांगितलं?"

आप्पांनी हातातला पाना खाली ठेवला.

"बाई, ड्रिल ज्या बॅटरीवर चालतं, तिच्यावरच ट्रॅक्टर सुरू होतो. सगळा जोर ड्रिललाच दिला, तर चावी फिरवायला काय उरेल? म्हणून ती डबी निम्म्यावर हात आखडते. तुमचं काम अडवायला नव्हे, तुम्हाला घरी पोचता यावं म्हणून ती होती. पण हे मी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. कारण माझ्या पोटात राहिलं आणि तुमच्या वाट्याला नुसता नकार आला. नुसता नकार माणसाला अडगळच वाटतो. कौतिकनं तो उपटून टाकला, यात नवल नाही."

कौतिकने मान खाली घातली. "आप्पा, बॅटरीशिवाय ट्रॅक्टर सुरू होत नाही हे मलाही ठाऊक होतं. पण तुमच्यावर इतका चिडलो होतो, की विचारच केला नाही."

"डबी परत बसवा," बाई जरा नरमल्या. "पण बंद पडायच्या आधी ती ओरडेल असं काहीतरी करा."

आप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले. "चाळीस वर्षं हे काम करतोय. हे मला सुचलं नाही."

दुसरे ड्रिल मिळेपर्यंत त्यांनी स्वतःचे ड्रिल बाईंच्या स्वाधीन केले. मग विजेवर वाजणारी एक बारीक शिट्टी शोधून काढली आणि कौतिकला शेजारी बसवले. "ही लाल वायर इथूनच का न्यायची, सांगतो," असे म्हणून ते बोलू लागले. शब्द जुळवायला त्यांना प्रयास पडत होते. कौतिकने घाई केली नाही. आप्पांचे वाक्य पूर्ण होईपर्यंत तो थांबला, आणि मगच त्याने पक्कड उचलली.

आपणही कुणाला 'नाही' म्हणतो, तेव्हा त्यासोबत 'का' हेही सांगून टाकावे. दोन वाक्यांहून अधिक वेळ लागत नाही.